कॉलेजचं कलादालन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दालन म्हणजे कृष्णाकाठच्या एका चित्रकला महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावरची बेचाळीस बाय चोवीस फुटांची खोली. पूर्वी इथं ग्रंथालय होतं. दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत अभिप्राय थोडे आणि प्रश्नच जास्त असतात. शिवाय फोन, व्हॉट्सॲप आणि जिन्यात गाठून विचारलेले प्रश्न वेगळेच. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं. दालनाची जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे नियमांत माझी मतंही मिसळली आहेत. ती निवडून वेगळी काढत बसलो नाही.

१. प्रदर्शन बघायला तिकीट आहे का? दालन किती वाजता उघडतं?

तिकीट नाही. प्रदर्शन चालू असताना सोमवार ते शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. वार्षिक प्रदर्शन असेल तर रविवारीही. दार बंद दिसलं तर परत फिरू नका. किल्ली ऑफिसातल्या शिपाईमामांकडे असते आणि मामा बहुतेक चहाला गेलेले असतात. दहा मिनिटं थांबा. आणि चपला बाहेर काढायची गरज नाही, तरी निम्मे लोक काढतातच.

२. मला चित्रातलं काही कळत नाही. आलो तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. दोन वर्षांपूर्वी एक वयस्कर गृहस्थ वार्षिक प्रदर्शनात एका स्टिल लाइफसमोर बराच वेळ उभे होते. चित्रात पितळी पातेलं, दोन कांदे आणि मागे निळा पडदा. बघून झाल्यावर म्हणाले, “ह्या पातेल्याची कल्हई उडालीय. वर्षभर तरी केलेली नाही.” आतल्या करड्या रंगात मधूनमधून पिवळट तांबूस ठिपके होते, ते बघून म्हणाले. ज्यानं ते रंगवलं तो मुलगा शेजारीच होता. त्याला वाटत होतं की तेवढा भाग आपला चुकलाय, रंग मळलाय. त्यानं फक्त दिसलं ते रंगवलं होतं. का दिसतं ते त्या गृहस्थांना ठाऊक होतं. त्या मुलाला त्या दिवशी जे शिकायला मिळालं ते मला वर्गात शिकवता आलं नसतं.

तेव्हा या.

३. वर्षभरात कोणकोणती प्रदर्शनं असतात?

मोठं एकच, वार्षिक कला प्रदर्शन, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. त्यात फाउंडेशनपासून शेवटच्या वर्षापर्यंत सगळ्यांची कामं असतात. त्याशिवाय दिवाळीनंतर निसर्गचित्रांचं एक छोटं प्रदर्शन, एटीडीच्या (कलाशिक्षक पदविकेच्या) मुलांचं फळ्याचं आणि शैक्षणिक तक्त्यांचं प्रदर्शन (हे बघायला कुणी येत नाही, पण शाळेतल्या शिक्षकांनी जरूर यावं), आणि बाहेरच्या चित्रकारांची एक-दोन, त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या शाळकरी मुलांसाठी आम्ही परीक्षेआधी आठवडाभर जुनी वस्तुचित्रं आणि स्मरणचित्रं लावतो. तिथं चांगल्याबरोबर फसलेलीही मुद्दाम लावलेली असतात. पालक येऊन विचारतात, “हे फसलेलं का लावलंय?” मुलं कधी विचारत नाहीत. ती आधी त्याच्याकडेच जातात.

४. माझ्या मुलीचं एकच चित्र लागलं आणि तिच्या वर्गातल्या एकाची चार. असं का?

आधी हिशोब सांगतो. दोन दारं आणि एक खिडकी सोडली तर आमच्याकडे साधारण ११८ रनिंग फूट भिंत उरते. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसकट हाफ इम्पिरियल, म्हणजे मोठ्या ड्रॉइंग शीटच्या निम्म्या आकाराचं, चित्र दोन फूट जागा खातं, दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळं सोडावं लागतं. म्हणजे एका ओळीत तीस-पस्तीस चित्रं. मधे दोन पार्टिशन उभी केली तर आणखी पंधरा-वीस. आणि मुलं कामं आणतात तीनशेच्या वर.

निवड तिघं करतात, दोघं आमच्यातले आणि एक बाहेरचे. कामं वर्गात जमिनीवर पसरतो, नावं पाठीमागे असल्यानं दिसत नाहीत. तरी खरं सांगायचं तर आम्हा दोघांना हात ओळखू येतो, म्हणूनच तिसरे बाहेरचे असतात आणि अडलं तर त्यांचा शब्द शेवटचा.

“वर्गात तिला जास्त मार्क आहेत” ही तक्रार दर वर्षी येते. मार्क सबमिशनला असतात. वेळेत दिलं, सांगितलेलं माध्यम वापरलं, प्रमाण बरोबर आलं, झाले मार्क. भिंतीवर मात्र चित्राला शेजारी असतो. सगळं बरोबर असलेलं चित्र शेजाऱ्यापुढे गप्प बसतं, असं पुष्कळदा होतं. त्या मुलाची चार लागली कारण ती चार मिळून एकच काम होतं, एकाच विहिरीची चार वेळची चित्रं. त्यातलं एक काढलं असतं तर बाकीची तीन लंगडी झाली असती.

एक विनंती. मुलीनं निवडीसाठी किती कामं दिली होती, ते आधी घरी विचारा.

५. चित्र देताना काय तयारी करून आणायचं?

फ्रेम पक्की हवी. मागच्या बाजूला, वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर, दोन्हीकडे डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), त्यात दोरी. सुतळी नको, ती ओलीनं कुजते. नायलॉनची दोरी किंवा जाड तंगूस. वरच्या पट्टीत मधोमध एकच हूक ठोकून आणू नका, असं चित्र भिंतीवर सरळ राहत नाही, दार आपटलं की मान वाकडी करतं. पाठीमागे नाव, वर्ग, माध्यम, वर्ष आणि “वर” अशी खूण. हसू नका, अमूर्त चित्राच्या वेळी ही खूण नसली की काय होतं ते आम्ही ओपनिंगच्या दिवशी पाहुण्यांच्या देखत अनुभवलंय.

तैलरंगातलं काम ओलं असेल तर सांगून द्या. “सुकलंय सर” म्हणून दिलेल्या कॅनव्हासनं गेल्या वर्षी शेजारच्या चित्राच्या मागे जर्द केशरी शिक्का उमटवला.

कागद प्लायवूडवर फेविकॉलनं चिकटवून आणलेलं काम आम्ही घेत नाही. तो कागद पुन्हा कधीच सुटत नाही, आणि प्लायमधलं आम्ल काही वर्षांत त्याला पिवळा करतं. माउंटला वरच्या बाजूनं दोन बिजागऱ्यांसारख्या कागदी पट्ट्या लावायच्या, बाकी कागद मोकळा. कसं ते येत नसेल तर दुपारी दालनात या, दाखवतो.

६. काच लावू की ॲक्रिलिक शीट?

जलरंग, पेन्सिल, छापचित्र यांना काच हवी. तैलरंग आणि कॅनव्हासवरच्या ॲक्रिलिकला नको. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवीच. नाहीतर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो.

चारकोल आणि ड्राय पेस्टलला ॲक्रिलिक शीट अजिबात नको. ती कापडानं पुसली की तिच्यात स्थिर वीज तयार होते आणि पूड वर ओढली जाते. पोर्ट्रेटमधली दाढी शीटवर गेलेली मी पाहिली आहे.

७. सगळ्या फ्रेमच्या वरच्या कडा एका ओळीत का नसतात? ते जास्त नीट दिसलं नसतं का?

घरात दिसेल. दालनात बघणाऱ्याची नजर सारखी वर-खाली होते आणि चौथ्या चित्रापर्यंत तो दमतो. म्हणून आम्ही चित्रांचे मध्य एका रेषेत ठेवतो, जमिनीपासून ५८ इंचांवर. जगभरच्या दालनांत हा आकडा ५७ ते ६० इंचांच्या दरम्यान असतो. उभ्या माणसाची नजर साधारण तिथं येते.

खिळा कुठं मारायचा याचं गणित पहिल्या वर्षाच्या मुलांकडूनच करून घेतो. समजा फ्रेमची उंची ३० इंच. निम्मी १५. मागची दोरी मधोमध बोटानं वर ताणली की फ्रेमच्या वरच्या कडेपासून ती ४ इंच खाली राहते. तर खिळा येणार ५८ अधिक १५ वजा ४, म्हणजे ६९ इंचांवर. प्रत्येक चित्राची दोरी वेगळी ताणते, म्हणून प्रत्येकाचं गणित वेगळं. दरवर्षी कुणीतरी दोरी न मोजता सरसकट खिळे ठोकतो, आणि मग भोकांत लांबी (पुट्टी) भरून, घासून, पॅच मारून रात्री नऊ वाजता पुन्हा सुरुवात. तो पॅच दुसऱ्या दिवशी भिंतीवर वेगळा दिसतोच. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर नीट बघितलंत तर गेल्या दहा बॅचचे हिशोब दिसतील.

तिरकेपणासाठी मोबाइलमधलं लेव्हल चालतं, पण आमची इमारत जुनी आहे. छताची कड आणि फरशीची ओळ दोन्ही थोड्या कलत्या आहेत. लेव्हलनं सरळ लावलेलं चित्र इथं वाकडं वाटतं. अशा वेळी लेव्हल खिशात ठेवायचं, दहा पावलं मागे जायचं आणि डोळ्याचं ऐकायचं.

वार्षिक प्रदर्शनात जागा कमी पडली की काही भिंतींवर दोन ओळी लावाव्या लागतात. तेव्हा दोन्ही ओळींमधल्या मोकळ्या पट्टीचा मध्य ५८ वर. ज्यांचं चित्र वरच्या ओळीत जातं ते नाराज होतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

८. लेबलवर काय लिहायचं? मराठीत की इंग्रजीत?

मराठीत. बाहेरचे परीक्षक येणार असतील तर खाली इंग्रजी. क्रम असा : नाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. हा क्रम उलटला की आडवं चित्र कागदोपत्री उभं होतं आणि कुरियरवाला खोका चुकीचा बनवतो.

माध्यमाची ओळ कधी गाळू नका. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर, साडीच्या दुकानात नक्की पाहिलं असेल. कितीतरी लोक ते रविवर्म्यांचं तैलचित्र म्हणून सांगतात. ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, आणि जलरंगातलं. जलरंगात एकदा गेलेला उजेड परत आणता येत नाही, तो कागदाचा पांढरेपणा राखूनच ठेवावा लागतो. हे माहीत असलं की त्या बोटांमधून झिरपणारा प्रकाश बघताना माणूस वेगळाच थांबतो. एका ओळीनं एवढा फरक पडतो.

शीर्षक “शीर्षकहीन” असं देण्याची सध्या साथ आहे. बंदी नाही. पण मागच्या वर्षी अकरा शीर्षकहीन होती, त्यातली दोन एकाच मुलाची, आणि विकत घ्यायला आलेल्या बाईंना नेमकं कोणतं हवंय ते फोनवर कळेना.

९. चित्र विकत घेता येतं का? किंमत कोण ठरवतं?

येतं. किंमत विद्यार्थी ठरवतो, आम्ही फक्त सुचवतो. मुलं एक तर फ्रेमच्या खर्चापेक्षा कमी सांगतात, नाहीतर एकदम मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीचे दर लावतात. रंग, कागद, फ्रेम यांचा खर्च लिहून काढा, लागलेले दिवस मोजा आणि घरच्या माणसाला सांगताना लाज वाटणार नाही असा आकडा टाका, इतकंच सांगतो. विद्यार्थ्यांच्या विक्रीतून कॉलेज काही घेत नाही. पैसे थेट विद्यार्थ्याला द्यायचे, पावती आम्ही देतो.

ठरलं की लेबलवर लाल टिकली. आमच्याकडे ती अक्षरशः टिकलीच असते, कटलरीच्या दुकानातल्या पाकिटातली. चित्र मात्र प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं. “उद्या वास्तुशांत आहे” हे कारण चालत नाही.

घासाघीस करू नका म्हणणार नाही. फक्त मुलाशी करा, त्याच्या आईवडिलांशी नको. ते लगेच निम्म्यावर येतात.

१०. मी चित्र विकत घेतलं. आता त्याचं कॅलेंडर छापलं तर चालेल ना?

नाही. तुम्ही चित्र घेतलंत, त्याच्या प्रती काढायचा हक्क घेतला नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क मुळात चित्रकाराचा, तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं चालतो. छापायचं असेल तर त्याच्याकडून तसं लिहून घ्या, वेगळे पैसे ठरवा. घरात लावा, भेट द्या, विका, त्याला कुणाची आडकाठी नाही.

अपवाद एक. पैसे देऊन तुम्ही मुद्दाम एखादं चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलंत आणि उलट काही ठरलं नसेल, तर त्याचा पहिला हक्क तुमचा. म्हणून ऑर्डर घेणाऱ्या मुलांना सांगतो, चार ओळी का होईना, कागदावर आणा.

हक्क विकला तरी कलम ५७ खाली चित्रकाराकडे एक गोष्ट उरतेच : आपलं नाव लावून घेणं, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी कामाची मोडतोड झाली तर दाद मागणं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं काढून गोदामात टाकलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमाखाली सेहगलांच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हा फ्रेमवाल्याकडे देऊन सोफ्याच्या मापाचं कापून घेऊ नका. असं एकदा झालंय, म्हणून सांगतो.

११. फोटो काढू का?

काढा, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅशनं काचेवर पांढरा गोळा येतो आणि शेजारच्याचे डोळे दिपतात. रंग विटतात ते तासन्‌तास पडणाऱ्या उजेडानं. म्हणून कागदावरच्या कामांवर प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतो, तैलरंगांना त्याच्या तिप्पट-चौपट चालतो. दालन अंधारं वाटतं ही तक्रार त्यामुळेच. दोन मिनिटं थांबलात की डोळे बसतात.

१२. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्रदर्शन का नसतं?

भिंतीला ओल येते. कागद फुगतो, माउंटमध्ये लाटा येतात, काचेच्या आतल्या बाजूनं बुरशीचे ठिपके धरतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, पण त्या कपाटात कामाच्या, अख्ख्या खोलीत नाही.

आणि दुसरं कारण २०१९ चा ऑगस्ट. तेव्हा आमची साठवणीची खोली तळमजल्यावर होती. पुराचं पाणी उतरल्यावर दार उघडलं तर जुन्या बॅचेसची जलरंगातली कामं एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेली, आणि वर गाळाचा थर. आम्ही पानं सोडवायला बसलो, ते चुकलं. ओल्या गठ्ठ्याला घाई करायची नसते. निम्मी फाटली. भाजलेल्या मातीची शिल्पं मात्र धुऊन उन्हात ठेवली आणि जशीच्या तशी निघाली. आता साठवण वरच्या मजल्यावर आहे आणि पावसाळ्यात भिंतीला काही लावायचं नाही, हा नियम झाला.

१३. ओपनिंगला समई लावता की रिबन कापता?

समई. दाराबाहेर, वाऱ्याच्या उलट बाजूला. दालनात तेल आणि जळती वात नको. हारतुरे, पेढे, चहा सगळं बाहेरच्या पॅसेजमध्ये. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांचं, हे पाहुण्यांना आधी सांगतो, उपयोग होत नाही.

१४. मी तुमचा विद्यार्थी नाही. मला दालन मिळेल का?

वर्षातले दोन आठवडे बाहेरच्या चित्रकारांसाठी राखलेले असतात. जहांगीरसारख्या ठिकाणी तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, आमच्याकडे काही महिने. अर्जाबरोबर आठ-दहा कामांचे फोटो आणि मापं द्या. भाडं नाममात्र आहे, ऑफिसात कळेल. विक्रीतले पंधरा टक्के दालनाच्या खर्चासाठी.

एकच अट वाटाघाटीची नाही : आठवड्यात एक दुपार मुलांसमोर बसून प्रात्यक्षिक द्यायचं. काही जण म्हणतात, प्रात्यक्षिक नको, त्याऐवजी जास्त भाडं घ्या. त्यांना आम्ही दुसऱ्या दालनांचे पत्ते देतो.

वाढदिवसाचे फ्लेक्स, पक्षांचे झेंडे, स्टॉल चालत नाहीत. खिळे आमच्या मुलांनीच मारायचे (गणितासाठी प्रश्न ७).

१५. शिल्पांना हात लावू देता का?

सहसा नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसवर घामाचा डाग बसला की जात नाही. पेडेस्टल (शिल्पाखालचे उंच स्टँड) हलकी आहेत, मुलं टेकली की डगमगतात. दहा किलोच्या वरची कामं आम्ही जमिनीलगतच्या चौथऱ्यावर ठेवतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी हा नियम नाही. भाजलेल्या मातीची, ब्राँझची आणि दगडातली कामं त्यांनी हातानं बघावीत. फक्त आधी फोन करा, म्हणजे ज्या विद्यार्थ्याचं काम आहे तो हजर राहील. पहिल्यांदा असे पाहुणे आले तेव्हा त्यांनी एका डोक्याच्या मागच्या बाजूवर हात फिरवून विचारलं, “इथं केस संपवलेच नाहीत का?” ती बाजू भिंतीकडे होती.

१६. न्यूड स्टडी लावता का? लहान मुलं येतात तिथं.

मनुष्याकृती अभ्यासक्रमात आहे, त्यामुळे वार्षिक प्रदर्शनात ती कामं असतात. आतल्या पार्टिशनमागे लावतो आणि दाराशी तशी पाटी असते. शाळेची सहल आली तर शिक्षक ठरवतात.

दर दोन-तीन वर्षांनी “हे अश्लील आहे, काढा” असा फोन येतो. हा वाद मुंबईलाही नवा नाही. चित्रकार अकबर पदमसींच्या १९५४ सालच्या जहांगीरमधल्या प्रदर्शनातल्या ‘लव्हर्स’ चित्रांवरून त्यांच्यावर खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. त्याच पदमसींची आणि मूळचे गोव्याचे असलेल्या चित्रकार सूझांची सात चित्रं सत्तर वर्षांनी कस्टम्सनं अश्लील म्हणून अडवून ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सोडायला लावली. नग्न आहे एवढ्यावरून चित्र अश्लील ठरत नाही, हे न्यायालयानं स्पष्ट केलं.

फोन करणाऱ्याला मी चहाला बोलावतो. आजवर दोघं आले. एकांनी चित्र बघितलं आणि “बाईंचा पाय दुखत असेल हो इतका वेळ उभं राहून” म्हणाले. दुसरे पटवून न घेता गेले. चित्रं तिथंच राहिली.

१७. आमच्या घरी रविवर्म्यांचं जुनं चित्र आहे. प्रदर्शनात लावाल का? त्याची किंमत किती येईल?

बहुधा ते ओलिओग्राफ आहे, म्हणजे दगडावरून छापलेलं, वर रोगण चढवलेलं चित्र. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला, लोणावळ्याजवळ गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. आजीच्या माहेरून आलेलं चित्र याच वाटेनं आलेलं असतं.

ओळखायला सोपं आहे. भिंग घ्या आणि गालावर धरा. ठिपके दिसले तर छापील. खालच्या कडेला छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा असं दिसतं का बघा. पुष्कळदा फ्रेमवाल्यानं ती कड आत दुमडलेली असते. साडीवर जरी, टिकल्या शिवलेल्या असतील तर त्या बहुधा घरातल्याच कुणा बाईनं नंतर लावलेल्या आहेत. उपटू नका, मला तर मूळ चित्रापेक्षा त्याच जास्त आवडतात.

लावू, आनंदानं. पण किंमत सांगत नाही, तो आमचा धंदा नाही. आणि खरोखर मूळ तैलचित्र निघालं तर आधी बसून घ्या : रविवर्म्यांची चित्रं १९७२ च्या कायद्याखाली राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत, ती देशाबाहेर विकता येत नाहीत. मूळ काम कसं दिसतं ते बघायचं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात ती आहेत. आमची मुलं दरवर्षी एसटीनं जातात.

१८. एआयनं केलेलं चित्र चालतं का?

उपयोजित कलेच्या विभागात चालतं, लेबलवर माध्यम म्हणून तसं लिहिलं तर (प्रश्न ८). रेखा व रंगकला विभागात नाही. संशय आला तर आम्ही कच्च्या रेखाटनांची वही मागतो. एकानं ती रेखाटनंही एआयकडूनच करून आणली होती. वहीची शिवण मात्र त्याला जमली नाही.

१९. प्रदर्शन संपल्यावर चित्र न्यायला जमलं नाही तर?

शेवटच्या दिवसापासून एक महिना सांभाळतो, फोन करतो. मग वर्गाच्या कपाटात. वर्षभरानं फ्रेम काढून दुसऱ्या मुलाला देतो, चित्र ठेवतो. पुराची गोष्ट वाचली असेल तर (प्रश्न १२) न्यायला याल असं वाटतं.

२०. माझे आजोबा पूर्वी तुमच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसायचे. त्यांचं एखादं चित्र मिळेल का?

असे फोन वर्षाला तीन-चार येतात. फेटा, पांढऱ्या मिशा, कानात भिकबाळी असे चेहरे मुलांना हवे असायचे, आणि बाजाराच्या दिवशी आलेली माणसं दोन तास बसून काही रुपये घेऊन जायची. त्यांच्या घरात त्यांचा एकही धड फोटो नसतो आणि आमच्याकडे त्यांची वीस पोर्ट्रेट्स असतात.

अडचण अशी की चित्रामागे मुलाचं नाव, वर्ग, तारीख असते. समोर बसलेल्याचं नाव कुणी लिहीत नसे. पुरानंतर साठवण नव्यानं लावताना हे लक्षात आलं. आता लिहितो, पण जुन्यांचं काय.

चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याचा. आजोबांना बसण्याचे पैसे मिळाले होते, चित्र त्यांनी काढून घेतलं नव्हतं, त्यामुळे प्रश्न १० मधला अपवाद इथं लागत नाही. पण भिंतीवर लावायला घरच्यांना एक फोटो काढून देण्यापुरतं आम्ही त्या माजी विद्यार्थ्याला विचारतो, आणि अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. दोघांनी तर मूळ चित्रच देऊन टाकलं.

आजोबा साधारण कोणत्या साली यायचे ते विचारून ठेवा. एखादी खूण सांगता आली तर फार बरं : कोणता डोळा बारीक होता, फेटा कसा बांधायचे, हातात काठी असायची की विडीचं बंडल. शनिवारी दुपारी या, कपाट त्या वेळी उघडं असतं. घरातलं कुणी त्यांना ओळखणारं म्हातारं माणूस बरोबर आणा. जिना चढवत नसेल तर गठ्ठा खाली घेऊन येतो.